सातवा शिपाई: १७५९ च्या माघारीवर भयखेळ कसा उभारावा

दिवाळीत अंगणात किल्ला केलेल्या माणसाला टेबलावरचे जंगल परके वाटायला नको. माती कालवून उतार काढणे, हळीव पेरून हिरवळ उगवण्याची वाट पाहणे, मातीचे मावळे कोणत्या बुरुजावर उभे करायचे यावरून भावंडांशी हुज्जत घालणे, हे सारे मिनिएचर युद्धखेळातही, म्हणजे छोट्या पुतळ्यांनी टेबलावर खेळायच्या लढाईतही असते. फरक एवढाच की येथे मांडणी झाल्यावर खेळ सुरू होतो, शिपाई टेपने मोजून पुढे सरकतात आणि नेम लागला की नाही ते फासे ठरवतात. या लेखात अशाच एका खेळाची उभारणी पायरीपायरीने सांगितली आहे. इतिहासातली एक खरी माघार घ्यायची आणि तिच्यात भयाचा एकच धागा विणायचा, अशी त्याची योजना आहे. त्यासाठी चार जण लागतात. तिघे खेळतात, चौथा पंच असतो. खेळाला तीन तास पुरतात आणि तयारीला चार-पाच रविवार द्यावे लागतात.

पहिली पायरी: प्रसंग नीट समजून घ्यावा

काळ ऑक्टोबर १७५९ चा आहे. आपल्याकडे पानिपत अजून सव्वा वर्ष दूर होते आणि वांदिवाशची लढाई साडेतीन महिन्यांवर आली होती. तेच इंग्रज-फ्रेंच वैर त्या वेळी उत्तर अमेरिकेच्या अरण्यातही पेटलेले होते. मेजर रॉबर्ट रॉजर्स हा इंग्रजांच्या बाजूच्या रेंजर तुकड्यांचा प्रमुख होता. रेंजर म्हणजे जंगलात शिरून टेहळणी करणारे आणि छापे घालणारे शिपाई; उंबरखिंडीत कारतलबखानाला कोंडीत धरणाऱ्या मावळ्यांची युद्धरीत ज्याला ठाऊक आहे त्याला त्यांचे काम वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. १३ सप्टेंबर रोजी सुमारे दोनशे माणसे घेऊन रॉजर्स शँप्लेन सरोवराकाठच्या क्राउन पॉइंटहून निघाला. सेंट लॉरेन्स नदीजवळचे सेंट फ्रान्सिस, म्हणजेच ओडानाक, हे फ्रेंचांच्या बाजूच्या आबेनाकी या मूलनिवासी लोकांचे गाव त्याचे लक्ष्य होते. सरोवराच्या उत्तर टोकाला लपवून ठेवलेल्या त्याच्या होड्या फ्रेंचांच्या हाती लागल्या आणि आल्या वाटेने परतण्याचा मार्ग बंद झाला. पुढे नऊ दिवस ही माणसे दलदलीतून चालली. झोपायला कोरडी जमीन नव्हती, म्हणून रात्री फांद्या तोडून झाडांच्या आधाराने त्यांचे माचे बांधावे लागत. ४ ऑक्टोबरच्या पहाटे उरलेल्या १४२ जणांनी गावावर छापा घातला आणि गाव जाळून टाकले.

त्या पहाटे किती माणसे मेली याबद्दलच्या दोन आकड्यांत मोठी तफावत आहे. रॉजर्सने दोनशे जण मारल्याचे लिहिले. फ्रेंच बाजूच्या नोंदींत सुमारे तीस जणांचा उल्लेख आहे आणि त्यांतली बहुतेक बायका-मुले होती. बायका-मुलांना हात लावू नये, असा सेनापती ॲम्हर्स्टचा लेखी हुकूम निघतानाच दिलेला होता. आदल्या रात्री एका परक्या माणसाने येऊन गावाला सावध केले आणि त्यामुळे पुष्कळ जण लपून वाचले, अशी आठवण आबेनाकींच्या तोंडी परंपरेत जपलेली आहे.

आपला खेळ सुरू होतो तो यानंतर. गावातून लुटलेला मका पाठीवर घेऊन तुकडी आग्नेयेकडे निघाली. आठ दिवस सगळे एकत्र चालले. मेम्फ्रेमेगॉग सरोवराच्या आसपास मका संपत आला, तेव्हा शिकार मिळावी म्हणून त्यांनी लहान लहान टोळ्या केल्या. कनेक्टिकट नदीच्या एका ठरलेल्या जागी शिधा येऊन थांबायचा होता. पाठलाग करणाऱ्यांनी काही टोळ्या गाठल्या, काही माणसे उपासमारीने गेली. कातडी पट्टे उकळून खाल्ल्याचे आणि त्याहून भयंकर गोष्टींचे वृत्तान्त पुढे लिहिले गेले. याच माघारीभोवती न्यू हॅम्पशरच्या डोंगराळ भागात एक दंतकथा रुजली आहे. गावातल्या चर्चमधून मदर मेरीची चांदीची मूर्ती काही रेंजर्सनी पळवली, ती नेणारे एकेक करून जंगलात नाहीसे झाले आणि मूर्ती अजून तिथेच कुठेतरी पडलेली आहे, असे ती कथा सांगते. इतिहास म्हणून तिचा भरवसा धरता येत नाही, पण खेळाला हवा असलेला धागा तिच्यात मिळतो.

दुसरी पायरी: भय कशाचे, हे आधी ठरवावे

नवखा माणूस येथे हमखास घसरतो, म्हणून या पायरीवर थोडे थांबतो. जंगलातला भयखेळ म्हटले की एखादा अक्राळविक्राळ प्राणी विकत घ्यावा आणि पहिल्याच डावात पटावर उभा करावा, असे वाटते. मीही पहिल्या खेळात तेच केले होते. तिसऱ्या डावापर्यंत तिन्ही खेळाडू त्या प्राण्याला किती फटके पुरतील याचा हिशेब मांडत होते आणि भीतीचा मागमूस उरला नव्हता. जे दिसते ते मोजता येते, आणि मोजता आले की त्याचा धाक जातो. खेळाडूला पटावर दिसणारी गोष्ट आणि खरी गोष्ट यांत फट राहिली पाहिजे. ती फट सांभाळणे हेच पंचाचे मुख्य काम आहे.

दुसरी बाब याहून महत्त्वाची आहे. उत्तर अमेरिकेच्या जंगलावरच्या खेळांत विंडिगोचा वापर सर्रास होतो. ओजिब्वे, क्री आणि त्यांच्याशी भाषेने जोडलेल्या इतर समाजांच्या श्रद्धेत विंडिगो हा दुष्काळ, हिवाळा, हाव आणि नरभक्षण यांच्याशी बांधलेला आहे. हे समाज आज नांदत आहेत. ओडानाकही आज कॅनडाच्या क्विबेक प्रांतात आहे आणि तिथे आबेनाकी कुटुंबे राहतात. दुसऱ्याच्या श्रद्धेतले सत्त्व उचलून त्याचा रबरी राक्षस करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याहून वाईट म्हणजे पाठलाग करणाऱ्या आबेनाकींनाच भुताखेतांचा रंग देणे. ज्यांची घरे जळली तेच पाठीवर आलेले आहेत. त्यांच्या येण्यात अमानवी काहीच नाही. या खेळातले भय छापा घालणाऱ्यांच्या मनातून आणि रिकाम्या पोटातून उठले पाहिजे. जे केले ते मागे मागे येते, एवढे एक सूत्र पंचाने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे आणि प्रत्येक कल्पना त्याच्याशी ताडून पाहावी.

उपासमार, नरसंहार आणि नरभक्षणाची छाया हे विषय खेळात येणार आहेत, हे तिन्ही खेळाडूंना निमंत्रण देतानाच सांगावे. कुणाला नको असेल तर तो भाग गाळूनही खेळ उभा राहतो.

तिसरी पायरी: शिपाई

एकूण सत्तावीस मिनिएचर लागतात. प्रत्येक खेळाडूचे सहा याप्रमाणे अठरा रेंजर, पाठलाग करणारे आठ, आणि एक जास्तीचा रेंजर, ज्याच्याविषयी पुढे सांगतो. या छंदात २८ मिलिमीटरचे शिपाई सर्वांत रूढ आहेत, पण ते परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क जड जाते. सुरुवातीला १:७२ प्रमाणातले प्लॅस्टिकचे शिपाई घ्यावेत. साधारण अडीच सेंटिमीटर उंचीचे असतात आणि एका डबीत बरेच येतात. शहरात थ्रीडी प्रिंट करून देणारे असतील तर तोही चांगला मार्ग आहे. तेही जमले नाही तर जाड कागदावर चित्र छापून, मागेपुढे चिकटवून, खाली नाणे लावलेले शिपाई पहिल्या खेळाला पुरतात.

रेंजर्सचा डगला हिरवा, डोक्याला बहुधा निळी स्कॉटिश टोपी, पायांना गुडघ्यापर्यंत कापडी गुंडाळ्या आणि मऊ कातडी जोडे असा वेश असे. या तुकडीत सगळेच रेंजर नव्हते. नियमित पलटणींतले आणि वसाहतींच्या सैन्यातले शिपाई होते, तसेच इंग्रजांच्या बाजूने लढणारे स्टॉकब्रिजचे मोहिकन हे मूलनिवासीही होते. त्यामुळे एकसारखा गणवेश रंगवण्याचा अट्टहास करू नये. ही माणसे महिनाभर चिखलातून आणि काट्यांतून आलेली आहेत. आधी काळा किंवा गडद तपकिरी प्रायमर (पायाचा रंग) द्यावा, त्यावर मातकट हिरवा, आणि तो वाळल्यावर तपकिरी ॲक्रिलिक रंग पाण्यात अगदी पातळ करून, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून सगळ्या अंगावरून फिरवावा. घड्यांत रंग साचतो आणि कापड मळलेले दिसू लागते. पाठलाग करणाऱ्यांत कॅनडातले फ्रेंच मिलिशियावाले (नागरिकांतून उभे केलेले शिपाई) आणि आबेनाकी निम्मेनिम्मे ठेवावेत. सदरे, ब्लँकेट, लांब डगले असा त्यांचा पेहराव असू द्यावा.

शिपायांच्या पायाखालच्या बेससाठी पंचवीस मिलिमीटरच्या एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीच्या) चकत्या किंवा जुनी नाणी चालतात. वर फेविकॉल लावून बारीक वाळू भुरभुरावी, ती काळपट तपकिरी रंगवावी आणि शेवटी पानगळ चिकटवावी. पानगळीसाठी घरातले तमालपत्र मिक्सरमध्ये क्षणभर फिरवावे. भरड तुकडे मेपल आणि बीच झाडांच्या वाळल्या पानांसारखे दिसतात. प्रत्येक तुकडीच्या बेसच्या मागच्या कडेला एकेका रंगाचा ठिपका द्यावा, म्हणजे माणसे मिसळत नाहीत.

आता जास्तीचा रेंजर. तो इतरांपैकी एकाच्या हुबेहूब जोडीचा असावा. तोच पवित्रा, तेच रंग, तसाच मळ. त्याच्या बेसवर मात्र पानगळ चिकटवू नये. बाकीच्यांच्या पायाखाली पाने आहेत, याच्या पायाखाली नुसती काळी माती. हे कुणालाही सांगायचे नाही.

चौथी पायरी: जंगल

पट म्हणून दीडशे बाय नव्वद सेंटिमीटरचे जेवणाचे टेबल पुरेसे आहे. त्यावर गडद तपकिरी किंवा काळपट हिरवी चादर अंथरावी आणि चादरीखाली जुनी पुस्तके सारून उंचवटे करावेत. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यांतला थर्माकोल टेकड्यांना उपयोगी पडतो, पण त्यावर थेट स्प्रेचा रंग मारू नये. त्यातल्या द्रावकाने थर्माकोल विरघळून खड्डे पडतात. आधी फेविकॉल आणि रंग एकत्र करून दोन हात द्यावेत.

व्हर्मांट आणि न्यू हॅम्पशरच्या उत्तरेकडे स्प्रूस आणि फरसारखी सूचिपर्णी झाडे मेपल, बर्च, बीच यांच्यात मिसळलेली आहेत. ऑक्टोबरच्या मध्यानंतर पानझडी झाडे उघडी पडू लागतात आणि सूचिपर्णींचा काळोख तेवढा उरतो. एकूण चाळीस झाडे करावीत, पंचवीस सूचिपर्णी आणि पंधरा निष्पर्ण. निष्पर्ण झाडांना बारीक फाटे असलेल्या वाळक्या काटक्या पुरतात. त्यांतल्या सहा-सात पांढऱ्या रंगवून वर काळ्या आडव्या रेघा ओढल्या की बर्च तयार होतात, आणि अंधाऱ्या पटावर त्या पांढऱ्या खोडांकडे नजर आपोआप जाते.

सूचिपर्णी झाड करण्याची रीत बाटली धुण्याच्या ब्रशसारखी आहे. हार्डवेअरच्या दुकानातून बांधणीची बारीक तार आणि नारळाचा काथ्या आणावा. पस्तीस सेंटिमीटरची तार मधोमध दुमडावी, तिच्या एका पदरावर फेविकॉलचे बोट फिरवावे आणि त्यावर काथ्याचे सहा-सात सेंटिमीटरचे धागे आडवे, विरळ पसरावेत. नवखा माणूस काथ्या नेहमी जास्त घालतो. तारेमागचे वर्तमानपत्र दिसत राहील इतकाच घालावा. मग दुसरा पदर वरून दाबून मोकळी टोके पक्कडीत धरावीत, दुमडलेल्या टोकात खिळा अडकवून पीळ देत जावे. दहा-बारा पिळांत धागे चहूबाजूंनी उभे राहतात. गोंद वाळल्यावर कात्रीने खाली रुंद, वर निमुळते असे कापावे, पातळ हिरव्या-काळ्या रंगात बुडवून उलटे टांगावे. पहिली दोन झाडे बिघडतील, पाचव्यापासून हात बसतो. ही झाडे सुटी ठेवावीत. पुठ्ठ्याचे वेडेवाकडे तुकडे कापून त्यांवर तीन-तीन उभी करावीत. पुठ्ठ्याच्या कडेच्या आत जंगल, बाहेर विरळ रान, असा नियम सोपा होतो आणि शिपाई सरकवताना झाडे उचलता येतात.

दलदलीसाठी पुठ्ठ्यावर तपकिरी-काळा रंग देऊन वर पारदर्शक वार्निशचे तीन हात द्यावेत आणि कडेला काथ्याचे तुकडे उभे चिकटवावेत. अशा तीन दलदली पटाच्या मध्यभागी टाकाव्यात, म्हणजे सरळ वाट कुणालाच मिळत नाही. बर्फ टाळावा, कारण खायच्या सोड्याने केलेला बर्फ काही महिन्यांत पिवळा पडतो आणि या प्रसंगाला त्याची गरजही नाही.

पाचवी पायरी: नियम थोडे ठेवावेत

तयार नियमपुस्तके पुष्कळ आहेत, पण पहिल्या खेळासाठी पुढील नियम पुरतात. तिन्ही तुकड्या पटाच्या एका आखूड कडेवरून निघतात आणि समोरची आखूड कड म्हणजे नदी. खेळ बारा डावांचा असून दर तीन डावांनंतर रात्र होते.

कोण कधी हलणार हे पिशवीतले मणी ठरवतात. प्रत्येक तुकडीच्या रंगाचे दोन, पाठलागाचे दोन तांबडे आणि जंगलाचे दोन काळे, असे दहा मणी कापडी पिशवीत टाकावेत आणि पंचाने एकेक काढत जावे. ज्याचा मणी निघेल त्याची तुकडी एक काम करते. चालणे, गोळी झाडणे, बंदूक भरणे, शोधणे किंवा मोजदाद (तिच्याविषयी पुढे सांगतो), यांपैकी एक. दुसरा काळा मणी निघाला की डाव तिथेच संपतो आणि पिशवीत राहिलेल्यांची पाळी बुडते. हिशेब केला तर काळ्याखेरीज कोणताही एक मणी बाहेर येण्याची शक्यता तीनांत दोन आहे. आपली पाळी येईलच असे कुणालाही धरून चालता येत नाही, आणि बसल्या जागीच खेळाडूच्या पोटात पहिली कळ तेथे उठते.

एका कामात विरळ रानात पंधरा, जंगलात दहा आणि दलदलीत पाच सेंटिमीटर चालता येते. जंगलात वीस सेंटिमीटरपलीकडचे दिसत नाही. गोळी झाडताना प्रत्येक शिपायामागे एक फासा टाकावा; पाच किंवा सहा आल्यास नेम लागतो, लक्ष्य झाडाआड असेल तर सहाच लागतो, आणि एक आल्यास दारू ओली निघाली असे समजावे. झाडलेली बंदूक पुन्हा भरायला एक पूर्ण काम जाते. प्रत्येक गोळीबारानंतर पटावरची जवळची एक झाकलेली चकती (या चकत्यांविषयी पुढच्या पायरीत) आवाजाच्या दिशेने दहा सेंटिमीटर सरकते. हरीण मारायचे तर गोळी झाडावी लागते आणि गोळी झाडली की काहीतरी जवळ येते; या एका नियमाने भूक आणि भीती एकमेकींना बांधली जातात.

प्रत्येक तुकडीचा धीर ८ आणि शिधा २ पासून सुरू होतो. दर रात्री शिधा १ ने घटतो. शिधा नसेल तर धीर १ ने घटतो. सोबती पडला किंवा पंचाने सांगितले की दोन फासे टाकावेत. बेरीज धीराइतकी किंवा कमी आली तर निभावले. धीर ८ असताना हे ३६ पैकी २६ वेळा साधते, पण धीर ५ वर आला की ३६ पैकी १० वेळाच. घसरण सुरुवातीला जाणवत नाही आणि मग एकदम कडा लागतो. प्रयोग करून पाहिल्याशिवाय हे आकडे बदलू नयेत. परीक्षा हुकली तर पंच एक चिठ्ठी देतो. ती त्या खेळाडूने एकट्याने वाचायची आणि घडी घालून ठेवायची.

नदीवर पोहोचलेल्या प्रत्येक माणसाचा एक गुण. सुरुवातीला तीन घड्या घातलेल्या चिठ्ठ्यांतून एका खेळाडूला गुपचूप चांदीची मूर्ती मिळते. ती नदीवर पोहोचवली तर तीन गुण मिळतात, पण ती नेणारी तुकडी दर कामात दोन सेंटिमीटर कमी चालते. मूर्ती जंगलात ठेवून दिली तर त्या तुकडीचा धीर त्या क्षणी २ ने वाढतो. हे पंचाने त्या खेळाडूला चिठ्ठीतच कळवावे आणि नंतर त्याची आठवणही करून देऊ नये.

सहावी पायरी: झाकलेल्या चकत्या

जाड पुठ्ठ्याच्या अठरा चकत्या कापून मागून सारख्या काळ्या कराव्यात. सातांवर काही नाही, चारांवर पाठलाग, तिनांवर अन्न, दोनांवर जुनी राख आणि दोनांवर सातवा. त्या पिसून पटभर पालथ्या मांडाव्यात. एखादी तुकडी वीस सेंटिमीटरच्या आत आली की पंच चकती उचलून एकटा पाहतो. रिकामी असली तरी त्याने लगेच ‘काही नाही’ म्हणू नये. ‘खारीने फांदी हलवली असावी’ असे म्हणून ती खिशात टाकावी. काळा मणी निघाला की पंच कोणत्याही दोन चकत्यांची जागा पाच सेंटिमीटरनी बदलतो.

पाठलागाच्या प्रत्येक चकतीवर दोन शिपाई उभे राहतात आणि तांबड्या मण्यावर शेवटच्या बंदुकीच्या आवाजाकडे चालतात. ते धीर सोडत नाहीत. त्यांच्याकडे येण्याचे कारण आहे. अन्नाच्या चकतीवर शोधण्याचे काम केले आणि फाशावर चार किंवा अधिक आले तर शिधा १ ने वाढतो. हरीण असल्याचे पंचाने सांगितले तर गोळीच झाडावी लागते. जुनी राख म्हणजे आपल्याकडचा चकवा. कोकणात रात्रीच्या वाटेवर चकवा लागलेला माणूस तासभर चालून पुन्हा त्याच वडाखाली येतो; तसेच येथे तुकडीला स्वतःचीच परवाची शेकोटी सापडते आणि तिला वीस सेंटिमीटर मागे ठेवले जाते. ‘चकवा’ हा शब्द पंचाने मनात ठेवावा, पटावर उच्चारू नये. दमलेल्या, उपाशी माणसांनी स्वतःभोवती फिरणे हे त्या जंगलातही अगदी शक्य होते.

सातव्याच्या चकतीवर पंच काहीच बोलत नाही. त्या रात्री खेळाडू चहा घ्यायला उठले की जास्तीचा रेंजर त्या तुकडीच्या घोळक्यात ठेवून द्यावा. समजा, तुमच्या निळ्या ठिपक्याच्या तुकडीत सहा जण आहेत. सकाळचा डाव सुरू होतो, तुम्ही शिपाई एकेक करून पुढे सरकवता आणि शेवटचा सरकवून झाल्यावर हातात अजून एक राहतो. तुम्ही पंचाकडे पाहता. पंच टेप गुंडाळत असतो. त्या रात्री तुकडीचा शिधा १ ऐवजी २ ने घटतो, आणि का, ते तो सांगत नाही. तुम्ही त्या सातव्यावर गोळी झाडायचे ठरवले तर फासे टाकू द्यावेत; नेम लागला की पंचाने खऱ्या सहांपैकी एकाला आडवे करावे आणि सातव्याला जागेवरच ठेवावे. त्याला घालवण्याचा मार्ग एकच. मोजदादीत एक काम खर्चायचे, सहा जणांची नावे मोठ्याने घ्यायची आणि धीराची परीक्षा निभवायची. म्हणून खेळाच्या आरंभी प्रत्येकाला आपल्या सहा माणसांची नावे कागदावर लिहायला लावावीत. हा कागद कशासाठी आहे ते आधी विचारले तर ‘नोंदीसाठी’ एवढेच सांगावे.

चिठ्ठ्या दहा-बारा पुरतात आणि त्या एका ओळीच्या असाव्यात. ‘तुमच्या म्होरक्याने आज काहीतरी खाल्ले आहे, त्याने कुणाला दिले नाही.’ ‘मागून येणारा तुमच्याच पावलांवर पाऊल टाकतो आहे.’ ‘लहान मूल रडल्यासारखे वाटले, आणि तुम्हाला ते घर आठवते.’ चिठ्ठीत रक्ताचे वर्णन घालू नये.

सातवी पायरी: खेळाची संध्याकाळ

आधी एकदा पंचाने एकट्याने पूर्ण खेळ खेळून पाहावा. मणी किती वेळा लवकर संपतात आणि बारा डावांत नदी गाठता येते की नाही, हे तेव्हाच कळते. कुणीच पोहोचत नसेल तर दलदल एकाने कमी करावी. खोलीतले मोठे दिवे बंद करून टेबलावर एकच दिवा ठेवावा, पण टेपवरचे आकडे वाचता येतील इतका. ध्वनिमुद्रित किंकाळ्या आणि पार्श्वसंगीत वापरू नये; पंख्याचा आवाज आणि पिशवीत मणी हलल्याचा आवाज पुरेसा असतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावेत. पंचाने नियमांवर वाद घालू नये. शंका आली की फासा टाकून निर्णय द्यावा आणि पुढे जावे.

शेवटच्या दृश्याची तयारी सुरुवातीलाच करून ठेवावी. त्यासाठी पुठ्ठ्याची चार बोटांची चकती घ्यावी, तिच्यावर काटक्यांची शेकोटी, दोन रिकामी पोती, आणि शेकोटीखाली दिवाळीतला बॅटरीवरचा छोटा दिवा बसवावा. रॉजर्स आणि त्याची माणसे ठरलेल्या जागी पोहोचली तेव्हा शिधा घेऊन आलेला अधिकारी नुकताच निघून गेला होता. शेकोटी अजून जळत होती. त्यांनी त्याला परत बोलावण्यासाठी बंदुका झाडल्या. त्याला आवाज ऐकू आला, पण शत्रू समजून तो वळला नाही, असे रॉजर्सच्या १७६५ साली छापलेल्या रोजनिशीत आहे. पहिली तुकडी नदीच्या कडेला लागली की पंचाने ही चकती तिच्यापुढे ठेवावी, खालचा दिवा लावावा आणि विचारावे, ‘गोळी झाडता?’ पटावरच्या उरलेल्या काळ्या चकत्या त्या वेळी खेळाडूच्या नजरेसमोर असतील.